मुलांना बर्फात नेलं तो शनिवार

माझे भाऊजी नागपूरचे. उन्हाळ्यात अंगणात पाणी शिंपडून खाटा टाकणाऱ्या घरात वाढलेला माणूस, पण त्यांना वेड होतं ते बर्फाचं. नोकरीच्या सुरुवातीला कंपनीनं त्यांना ट्रेनिंगसाठी काही आठवडे नॉर्वेला पाठवलं होतं. तिथं एका रविवारी गावाबाहेरच्या टेकडीवर लोक पोराबाळांना घेऊन घसरायला आले होते, आणि कुणीतरी यांच्याही हातात एका लाकडी घसरगाडीची दोरी दिली. हे बसले आणि सुटले. "असा ओरडलो, असा ओरडलो, की एक म्हातारी धावत आली. तिला वाटलं ह्याचा पाय मोडला," असं ते सांगायचे. ही गोष्ट त्यांनी इतक्यांदा सांगितली होती की माझी भाची त्यांना मध्येच अडवायची, "पप्पा, लास्ट टाइम तुम्ही कुत्रा धावत आला म्हणाले होते." मग ते म्हणायचे, "दोघंही आले. म्हातारीचाच कुत्रा होता तो."

ताई माझ्याहून सात वर्षांनी मोठी. लग्नानंतर काही वर्षांनी ती आणि भाऊजी सिंगापूरला आले आणि बिशानला एका उंच इमारतीत भाड्याचा फ्लॅट घेऊन राहिले. दोन मुलं. भाची तेव्हा आठ वर्षांची होती, भाच्याला पाचवं लागलेलं. मी त्यांच्याकडे आले ती संशोधनासाठी. विद्यापीठातल्या एका लॅबमध्ये मला काम मिळालं होतं, आणि वेगळी खोली घेते म्हटल्यावर भाऊजींनी मला बोलूच दिलं नाही. "मेहुणीबाई, इथं चार माणसांचा भात लागतो, तिथं पाचव्याचाही लागेल," म्हणाले, आणि स्वयंपाकघराजवळच्या छोट्या खोलीतली खोकी स्वतः उचलून बाहेर काढली.

ते जुरोंग आयलंडवरच्या एका रिफायनरीत मेंटेनन्स इंजिनीअर होते. सकाळी कंपनीची बस यायची, घराखालच्या रस्त्यावरून त्यांना घेऊन जायची आणि संध्याकाळी आणून सोडायची. त्या डिसेंबरात त्यांच्याकडे शटडाऊन चालू होता. म्हणजे प्लांट बंद ठेवून आतली सगळी दुरुस्ती उरकायची. रविवार नाही, सुट्टी नाही. मुलांच्या शाळांना मात्र वर्षअखेरची मोठी सुट्टी लागली होती, आणि त्यांच्या शाळेतली कितीतरी मुलं जुरोंग ईस्टला बर्फ बघून आली होती. तिथं एका मोठ्या हॉलमध्ये यंत्रानं बर्फ पाडून ठेवलेला असायचा आणि एक उतार केलेला होता. बाहेर घामाच्या धारा आणि आत शून्याखालची थंडी. भाऊजींनी मुलांना कबूल केलं होतं की त्यांना पहिल्यांदा बर्फात तेच नेणार. दोन रविवार हुकले. तिसऱ्या वेळी त्यांनी शनिवार ठरवला, अर्ध्या दिवसाची रजा मागून घेतली.

आदल्या आठवड्यात घरात सराव चालला होता. सोफ्याला गादी तिरपी टेकवायची, एका उशीवर मुलाला बसवायचं आणि वरून सोडायचं. "पाय वर. मागं रेलायचं. डोळे मिटायचे नाहीत, डोळे मिटले तर बर्फ दिसणार कसा?" भाऊजी खाली गुडघ्यांवर बसून झेलायचे. एकदा भाचा असा सुटला की त्यांना घेऊनच टीपॉयवर आदळला. ताई आतून ओरडली, खालच्या मजल्यावरची चिनी आजी तक्रार घेऊन येईल म्हणाली. ती आजी खरंच वर आली, पण काय चाललंय ते बघून हसत परत गेली.

शनिवारी सकाळी भाऊजींनी पोहे निम्मेच खाल्ले. छातीत जळजळतंय, रात्रीचं पचलं नाही वाटतं, असं म्हणून त्यांनी सोड्याचं पाणी घेतलं. ताई म्हणाली, "आज नका जाऊ. शनिवार तर आहे."

"आज नाही गेलो तर दुपारी सुटणार कसा?" ते म्हणाले. "सकाळचं काम दाखवून यावं लागते. मग मी सरळ तिकडूनच येतो, जुरोंग ईस्टच्या स्टेशनवर. तुम्ही या पोरांना घेऊन."

भाचा दारात उभा होता. त्याच्या डोक्यावर त्यांनी टपली मारली, बूट घातले आणि लिफ्टकडे गेले. त्या माणसाला मी शेवटचं पाहिलं ते असं, पाठमोरं, काखेत हेल्मेट धरून लिफ्टची वाट बघताना.

काही वेळानं ताईला फोन आला. त्यांच्याच बसमधून जाणारे पुण्याचे एक सहकारी होते. "वहिनी, साहेबांना बसमध्ये बरं वाटेनासं झालंय. आम्ही हॉस्पिटलला नेतोय, तुम्ही तिकडेच या." ते हळू, समजुतीनं बोलत होते, आणि त्यावरूनच ताईचा चेहरा उतरला. तिनं पर्स घेतली, पायात घरातल्याच सपाता होत्या, तशीच खाली जाऊन टॅक्सीत बसली. मुलांना मी सांगितलं की मम्मी पप्पांच्या ऑफिसच्या कामाला गेलीय.

भाचीनं विचारलं, "घरातल्या चपला घालून?"

"घाईत होती."

मी त्यांना दूध दिलं, अंघोळी घातल्या. पलंगावर दोन स्वेटर काढून ठेवलेले होते, नागपूरच्या आजीनं विणून पाठवलेले. सिंगापूरला ते कधी घालायची वेळच आली नव्हती. भाच्यानं आपला स्वेटर लगेच घातला आणि पंखा वाढवायला लावला.

फोन आला तेव्हा मी भात लावत होते. मुलं हॉलमध्ये हातमोज्यांवरून भांडत होती.

"ताई?"

ती म्हणाली, "गेले गं."

माझ्या हातात तांदळाचं पातेलं होतं. ते मी ओट्यावर ठेवलं. मी येते, असं म्हणाले.

"नको येऊ. मुलं कुठं आहेत?"

"हॉलमध्ये."

"त्यांना ऐकू येतंय?"

"नाही."

"मग ऐक." तिचा आवाज अगदी सपाट होता, कुणाला तरी रस्ता समजावून सांगावा तसा. "आता घरी माणसं यायला लागतील. बायका रडतील. कुणीतरी पोरांना जवळ घेऊन सांगून टाकेल, मी पोचायच्या आधी. मला ते नको. इथं सह्या आहेत, कंपनीची माणसं आहेत, मला निघता येत नाही. तू त्यांना घेऊन जा."

"कुठं नेऊ?"

"ठरलं होतं तिथं. बर्फात ने."

"ताई, अगं..."

"ने म्हणते ना मी. यांनी कबूल केलं होतं त्यांना. आणि काही सांगू नको. पप्पांना काम लागलंय म्हण. मी सांगीन. माझ्या तोंडून कळू दे."

मी गॅस बंद केला. तोंडावर पाणी मारलं, टॉवेलनं घासून घासून पुसलं. आरशात बघितलं तर मी रोजच्यासारखीच दिसत होते, याचं मला नवल वाटलं. बाहेर येऊन मी म्हणाले, "चला, निघायचं ना?"

बिशानहून जुरोंग ईस्टला गाडी न बदलता जाता यायचं, फक्त ती उत्तरेकडून मोठा वळसा घेऊन जायची. दुपारची एमआरटी, म्हणजे तिथली मेट्रो, आणि शनिवारची गर्दी. भाचा स्वेटर काढायला तयार नव्हता. घामानं त्याचे केस कपाळाला चिकटले होते आणि समोर बसलेली एक मलय बाई त्याच्याकडे बघून हसत होती. त्यानं तिला सांगून टाकलं, "आय ॲम गोइंग टू द स्नो. माय पप्पा ऑलरेडी देअर."

"पप्पांना काम लागलंय रे," मी म्हणाले. "ते येतीलच असं नाही."

"बट ही सेड."

"हो. पण काम लागलंय."

तो खिडकीकडे तोंड करून गुडघ्यांवर बसला. बाहेर एकसारख्या इमारती, मग मध्येच मोकळं हिरवं रान, मग पुन्हा इमारती. मी तोवर एकच विचार करत होते, की चेहरा असाच ठेवायचा. ओठ जरा ढिले, डोळे खिडकीबाहेर. भाची माझ्या शेजारी बसली होती. ती खिडकीबाहेर बघत नव्हती. तिनं माझ्या हातावर हात ठेवला होता आणि मध्येच माझ्या मनगटावरचं घड्याळ ती वरखाली सरकवत होती.

जुरोंग ईस्टला उतरल्यावर भाच्यानं गेटपाशी थांबून गर्दीत मान वर करकरून बघितलं. कंपनीच्या निळ्या शर्टातला एक माणूस आमच्या बाजूला येत होता, तर हा त्याच्याकडे चार पावलं पळतसुद्धा गेला. तो कुणी दुसराच होता. भाचा परत आला आणि म्हणाला, "नॉट पप्पा." मी म्हटलं, "चल."

हॉलवर तर जत्रा होती. सगळ्या शाळांना सुट्टी, स्पीकरवर ख्रिसमसची गाणी, आणि दारात जाडजूड जॅकेटं आणि गमबुटांच्या रांगा. तिथल्या एका मुलीनं भाच्याच्या मापाचं जॅकेट शोधून त्याला घातलं तर ते त्याच्या गुडघ्यापर्यंत आलं. दार उघडलं आणि थंडी थेट नाकातोंडात घुसली. आम्ही तिघंही दारातच थांबलो. आत निळसर उजेड होता, पायाखाली पांढरं, आणि समोर तो उतार, पोरं काळ्या रबरी ट्यूबमध्ये बसून किंचाळत खाली येत होती.

भाच्यानं तोंड उघडलं आणि तोंडातून वाफ निघाली. त्यानं पुन्हा फुंकर मारली. "मावशी, लुक, आय ॲम स्मोकिंग लाह!" तिथल्या पोरांच्या वाक्याला शेवटी हे 'लाह' लागायचंच. मग त्यानं वाकून बर्फाची मूठ भरली, हातमोजा काढून बोट लावलं, जीभ लावली. "टेस्ट लाइक फ्रिज." भाची इतका वेळ गप्प होती, पण तिलाही हसू आलं. तिनं बर्फ त्याच्या मानेवर टाकला. तो ओरडला, पडला, उठला, आणि दोघं एकमेकांच्या मागं पळत सुटली. जाड बुटांमुळे त्यांना धड पळताही येत नव्हतं.

मी भिंतीशी उभी होते. माझ्या शेजारी एक बाप आपल्या मुलाच्या कानावर टोपी ओढत होता. मी दुसरीकडे बघितलं.

लहान मुलांना एकट्यानं सोडत नसत, मोठ्या माणसानं ट्यूबमध्ये बसून मुलाला मांडीवर घ्यायचं. आम्ही पायऱ्या चढून वर गेलो. मी बसले, भाच्याला पोटाशी धरलं. वरून तो उतार खालून दिसला होता त्याहून खूप उभा वाटला. "पाय वर," तो मला म्हणाला, "अँड डोन्ट क्लोज युवर आइज." मागून कुणीतरी ढकललं आणि आम्ही सुटलो.

मी ओरडले. भाऊजींनी सांगितलं होतं तशीच ओरडले असेन. गेल्या दोन तासांत माझ्या घशातून निघालेला तो पहिला मोकळा आवाज होता, आणि तो थांबेना. ट्यूब खाली जाऊन थांबली तरी मी ओरडतच होते. कुणी वळूनसुद्धा बघितलं नाही, तिथं सगळेच ओरडत होते. डोळ्यांतून पाणी येत होतं, तेही सगळ्यांच्याच येत होतं, थंडीनं. भाचा मांडीवर वळून माझ्याकडे बघत होता, त्याचे डोळे चमकत होते. "अगेन!" तो म्हणाला. "मावशी, अगेन!"

आम्ही पुन्हा गेलो. मग आणखी एकदा. दरवेळी मी पोटातून ओरडले. त्याला वाटलं मावशीला फारच मजा येतेय. वर चढताना तो रांगेतल्या पोरांना सांगत होता, "माय मावशी शाउट द लाउडेस्ट."

मग एकदा त्याला तिथल्या माणसाबरोबर खाली पाठवलं आणि वरच्या चौथऱ्यावर मी आणि भाची दोघीच उरलो. ती तिच्या ट्यूबमध्ये बसली होती, दोन्ही हातांनी पट्टे धरून. पुढची ट्यूब खाली जाईपर्यंत थांबायचं होतं. माझ्याकडे न बघता तिनं विचारलं, "मावशी, पप्पा मेले का?"

मी तिच्याजवळ खाली बसले. खोटं बोलायला माझी जीभ उचलेना आणि खरं बोलायचं नाही असं मी कबूल करून बसले होते. मी म्हणाले, "मम्मी बोलणार आहे तुझ्याशी. घरी गेल्यावर."

तिनं मान हलवली. तिला उत्तर मिळालं होतं. ती खाली बघत होती, तिथं भाचा ट्यूबमधून उतरून दोन्ही हात वर करून आम्हाला हाका मारत होता. त्याची टोपी डोळ्यांवर आली होती.

"डोन्ट टेल हिम फर्स्ट, लाह," ती म्हणाली. "लेट हिम प्ले फर्स्ट."

फर्स्ट म्हणजे तिथल्या मुलांच्या बोलीत 'आधी' आणि 'इतक्यात'. त्याला इतक्यात सांगू नको. आधी खेळू दे त्याला.

मी तिला जवळ घ्यायला गेले, पण तेवढ्यात ट्यूब ढकलणाऱ्या माणसानं हात दाखवला, रस्ता मोकळा झाला होता. ती मागं रेलली, पाय वर घेतले आणि गेली. ती ओरडली नाही. अर्ध्या उतारावर तिची ट्यूब गर्रकन फिरली आणि क्षणभर तिचा चेहरा माझ्याकडे झाला. डोळे सताड उघडे होते.

त्यानंतर वेळ संपेपर्यंत ती भावाबरोबर खेळली. त्यानं सांगितलं ते सगळं केलं. त्यानं तिला बर्फात झोपवून पुरलं, ती झोपली. त्यानं तिला घोडा केलं, ती झाली. एरवी ती असं काहीएक ऐकून घेत नसे, घरात दिवसभर दोघांची जुंपलेली असायची. एका भल्या माणसानं, आम्हाला तिघांनाच बघून, आमचा फोटो काढून देऊ का असं विचारलं. मी नको म्हणाले. भाची म्हणाली, "काढू दे ना मावशी." तिनं भावाला मधे घेतलं आणि हसली. तो फोटो आजही ताईकडे आहे.

बाहेर आल्यावर मी दोघांना गरम कोको घेऊन दिला. भाच्याचं नाक लाल झालं होतं. तो न थांबता बोलत होता, पप्पांना काय काय सांगायचं याची उजळणी करत होता. पप्पा नॉर्वेत एकदाच ओरडले, मी सेव्हन टाइम्स. तेवढ्यात ताईचा फोन आला. "मी घरी आलेय. आण आता त्यांना."

आम्ही टॅक्सीनं निघालो आणि भाचा टॅक्सीत झोपला. भाचीनं त्याचं डोकं आपल्या मांडीवर घेतलं होतं. बिशान जवळ आलं तेव्हा तिनं हळूच विचारलं, "मम्मी रडतेय का?"

"माहीत नाही गं," मी म्हणाले. ते खरं होतं.

फ्लॅटच्या दाराबाहेर चपला-बुटांचा ढीग होता. आत आमच्या ओळखीची सगळी मराठी मंडळी जमली होती. दरवर्षी बुद्धपौर्णिमेला जे आमच्या घरी वंदनेला यायचे ते, आणि पुण्या-मुंबईची आयटीतली शेजारची कुटुंबंही. शोकेसमधली बुद्धाची मूर्ती कुणीतरी टेबलावर पांढऱ्या कापडावर काढून ठेवली होती, समोर मेणबत्ती. आम्ही आत गेल्याबरोबर सगळ्यांनी वाट करून दिली. ताई मुलांच्या खोलीच्या दारात उभी होती. तिनं भाच्याला माझ्याकडून घेतलं, भाचीचा हात धरला, आणि मला म्हणाली, "तूही ये."

दार लावून ती पलंगावर बसली. भाचा जागा झाला होता आणि तिला बर्फाचं सांगायला लागला होता. तिनं त्याला सांगू दिलं. वाफेचं, फ्रिजच्या चवीचं, मावशीच्या ओरडण्याचं. तो दम घ्यायला थांबला तेव्हा ती म्हणाली, "बाळा, आता माझं ऐक. पप्पांचं हृदय आज सकाळी बंद पडलं. डॉक्टरांनी खूप प्रयत्न केले. पण पप्पा मेले."

"मेले म्हणजे?"

"म्हणजे आता ते येणार नाहीत."

"मंडे?"

"नाही."

"शटडाऊन संपल्यावर?"

"नाही रे राजा. कधीच नाही."

त्यानं तिच्याकडे बघितलं, मग बहिणीकडे. त्याला त्यातलं काय कळलं कोण जाणे, पण आपली आई रडतेय हे कळलं आणि तो रडायला लागला. भाची उभीच होती. तिनं सगळं असं ऐकून घेतलं जणू पहिल्यांदाच ऐकतेय. माझ्याकडे तिनं एकदाही बघितलं नाही. मग ती पुढं झाली, आईच्या गळ्यात हात टाकले आणि तेव्हा कुठं तिचा बांध फुटला.

नागपूरला फोन मीच लावला होता. भाऊजींच्या आईंना कुणीतरी सांगितलं होतं आधीच. त्या एकच वाक्य बोलत होत्या, "माह्या पोराले घेऊन या. मले त्याचं तोंड पाहू द्या." त्यामुळे इथं काही करायचं नाही असं ताईनं ठरवलं. कंपनीनं सगळी व्यवस्था केली. आम्ही त्यांना विमानानं घेऊन गेलो. आम्ही वर बसलो होतो आणि ते खाली सामानाच्या कप्प्यात होते, हे मला पूर्ण वेळ ठाऊक होतं. नागपूरला थंडी पडली होती. अंत्ययात्रेला मुलांनी आजीनं विणलेले तेच स्वेटर घातले होते, आणि पांढऱ्या साडीतली आजी त्यांना सारखी जवळ ओढून स्वेटरवरून हात फिरवत होती.

भाऊजींचा सिंगापूरला राहून काम करायचा पास रद्द झाला तसे ताईचे आणि मुलांचेही झाले. ते पास त्यांच्याच नोकरीवर होते. ताई परत सिंगापूरला आलीच नाही. फ्लॅट रिकामा करायला मी एकटी आले. ताई फोनवर सांगायची, हे ठेव, हे देऊन टाक. भाचीची शाळेची बॅग तशीच खुर्चीला अडकवलेली होती, नव्या वर्षाची पुस्तकं भरून ठेवलेली. खालच्या मजल्यावरची चिनी आजी एका संध्याकाळी वर आली. तिला इंग्रजी येत नव्हतं, मला तिची भाषा येत नव्हती. तिनं संत्र्यांची पिशवी माझ्या हातात दिली, रिकाम्या हॉलमध्ये नजर फिरवली, आणि माझ्याजवळ जमिनीवर बसून राहिली. मग उठून गेली.

ताईनं नागपूरला एका शाळेत नोकरी धरली. मुलं तिथंच वाढली. पहिलं वर्ष भाच्याला शाळेत फार चिडवलं, त्याच्या त्या लाहमुळे. मग ते बोलणं गेलं, आणि बाकीचंही बरंच गेलं. तो कॉलेजात असताना मी एकदा सुट्टीत गेले होते. जेवताना तो मित्राला सांगत होता की आपण लहानपणी सिंगापूरला बर्फात घसरलो होतो. "पप्पांच्या मांडीवर बसून," तो म्हणाला. "पप्पा इतके ओरडत होते ना! माझ्या कानात बसलाय तो आवाज. पप्पांचं मला तेवढंच आठवतं."

भाची समोर बसली होती. तिनं माझ्याकडे बघितलं, आणि मग त्याच्या ताटात पोळी वाढली.

ताईनं मला त्या दुपारबद्दल कधी विचारलं नव्हतं. ज्या दिवशी भाचा असं बोलला त्याच्या दुसऱ्या दिवशी मुलं बाहेर गेली होती आणि आम्ही दोघी मेथी निवडत बसलो होतो. ती खाली मान घालून म्हणाली, "त्या दिवशी पोरं हसली होती का गं? खरं सांग."

"हसली," मी म्हणाले. "खूप हसली."

"मी हॉस्पिटलमध्ये बसून घड्याळ बघत होते. म्हणायचे, आता गाडीत असतील. आता बर्फात असतील. कुणी काही विचारलं की वाटायचं, गप्प बसा जरा, माझी पोरं बर्फात आहेत." तिनं मेथीची जुडी बाजूला सारली. "सगळं सांग. पहिल्यापासून."

मी सांगितलं. गुडघ्यापर्यंतच्या जॅकेटचं, वाफेचं, बर्फ चाखल्याचं. एकमेकांच्या मागं पळून दोघं कशी पडली ते. मी किती ओरडले तेही सांगितलं. चौथऱ्यावर भाची माझ्याशी काय बोलली ते मात्र सांगितलं नाही. ते तिचं होतं, सांगायचं तर तिनं. भाचा रांगेतल्या पोरांशी काय बोलला तिथवर आले आणि कुकरची शिट्टी झाली. ताई उठली, गॅस बंद करून आली, आणि मेथीची जुडी पुन्हा पुढ्यात ओढून म्हणाली, "मग? तो वर चढताना पोरांना काय म्हणाला?"